चराईचा डोंगर, देशी जंगल आणि कार्बन युनिट्स : न्यूझीलंडमधल्या नोंदणीचा अनुभव

क्राइस्टचर्चजवळच्या बँक्स पेनिन्सुलावर आम्हा चार मराठी कुटुंबांची सामायिक जमीन आहे. त्यातल्या १८ हेक्टर चढाच्या तुकड्यावर मेंढ्या बंद झाल्यावर देशी जंगल आपोआप परत येतंय. २०२४ मध्ये या तुकड्याची न्यूझीलंडच्या एमिशन्स ट्रेडिंग स्कीममध्ये, म्हणजे ईटीएसमध्ये, नोंदणी झाली आणि २०२५ मध्ये पहिली कार्बन युनिट्स खात्यात जमा झाली. वाढत्या जंगलाने हवेतला जो कार्बन डायऑक्साइड शोषला, त्याबद्दल या योजनेत सरकार अशी युनिट्स देतं आणि ती बाजारात विकता येतात. इथे डोंगराळ जमीन घेतलेले किंवा घेऊ पाहणारे बरेच मराठी लोक आता याबद्दल विचारतात. सरकारी माहितीपत्रकं चांगली आहेत, पण कोणतं काम आधी करायचं आणि गाडी कुठे अडते हे त्यांतून कळत नाही. म्हणून घडलं त्या क्रमाने लिहितोय.

जमीन २०१९ मध्ये घेतली. एकूण ३१ हेक्टर. पैकी खालचा सपाट भाग अजून चराईला दिलेला आहे. वरचा चढ इतका खडा की आधीच्या मालकाने २०१४ च्या अखेरीसच तिथल्या मेंढ्या काढून घेतल्या होत्या. आम्ही बघायला गेलो तेव्हा तिथे कंबरभर गवत, गॉर्सची काटेरी बेटं आणि मधूनमधून कानुका या देशी झाडाची कोवळी रोपं होती. कार्बनचा विचार करणाऱ्याने अशी जमीन दिसली की आधी कायद्याची व्याख्या काढावी, झाडांकडे नंतर बघावं.

व्याख्या अशी आहे. तुकडा सलग किमान १ हेक्टर हवा. त्याची सरासरी रुंदी किमान ३० मीटर हवी, त्यामुळे ओढ्याकाठची झाडांची अरुंद पट्टी यात बसत नाही. त्या जागी वाढून ५ मीटर उंची गाठू शकतील अशाच जातींची झाडं धरली जातात, आणि त्यांच्या माथ्यांनी दर हेक्टरी ३० टक्क्यांपेक्षा जास्त जागा झाकलेली असावी किंवा पुढे झाकली जाण्याची शक्यता असावी. आज ती झाडं गुडघाभर असली तरी चालतं. शेवटची अट, ३१ डिसेंबर १९८९ रोजी त्या जागी जंगल नसावं. असलं तर ते '१९९० पूर्वीचं जंगल' ठरतं आणि त्याच्या वाढीवर काहीच मिळत नाही.

या शेवटच्या अटीने आमचा सर्वांत जास्त वेळ खाल्ला. पुरावा म्हणून जुनी हवाई छायाचित्रं लागतात. 'रेट्रोलेन्स' या संकेतस्थळावर देशभरातली जुनी सरकारी हवाई छायाचित्रं मोफत बघता येतात. पर्यावरण मंत्रालयाचे 'लुकास' नावाचे जमीनवापराचे नकाशेही आहेत आणि त्यांतला १९९० चा थर इथे कामाला येतो. आपल्या जागेची १९८९ च्या अलीकडची आणि पलीकडची, अशी दोन्ही बाजूंची छायाचित्रं मिळवावीत, म्हणजे मधल्या काळाबद्दल शंका उरत नाही.

छायाचित्र काळं-पांढरं असेल तर एक घोळ हमखास होतो. इथे सूर्य उत्तरेकडून येतो, त्यामुळे दक्षिणेकडचा उतार हिवाळ्यात दिवसभर सावलीत असतो आणि फोटोत काळा उमटतो. झाडीही काळीच दिसते. आमच्या दोन घळींमध्ये असे काळे डाग होते. भिंगाखाली नीट बघितलं तर एका डागाची कडा सरळ, कड्याच्या धारेला धरून गेलेली, आत सगळा एकसारखा करडेपणा आणि त्यातून मेंढ्यांच्या पायवाटांच्या फिकट आडव्या रेघा गेलेल्या. ती सावली होती. दुसऱ्या डागाची कडा मात्र कुरतडल्यासारखी आणि आत गोल गोल ठिपके. ती खरी झाडी, जुन्या कानुकाची. तेवढा भाग आम्ही आपणहून नकाशातून वगळला. लोभ न धरता असे भाग वगळून टाकावेत. एक संशयास्पद कोपरा ठेवला की बाकीच्या स्वच्छ क्षेत्राचाही अर्ज लांबतो.

आता जंगलाबद्दल. महाराष्ट्रात हिवरे बाजारसारख्या गावांनी चराईबंदी आणि कुऱ्हाडबंदी करून डोंगर हिरवे केले, हे आपल्याला माहीत असतं. इथेही पाया तोच, पण नुसती चराईबंदी करून भागत नाही, कारण बँक्स पेनिन्सुलाचं गवत वेगळं आहे. एकोणिसाव्या शतकात इथलं जंगल तोडून आणि जाळून त्या राखेत कॉक्सफूट नावाचं युरोपी गवत पेरलं गेलं. त्याच्या बियाण्याचा इथे मोठा धंदा होता. मेंढ्या काढल्या की हे गवत दोन वर्षांत मांडीइतकं वाढतं आणि जमिनीवर त्याची जाड गादी बसते. कानुकाचं बी अगदी बारीक. त्याला उघडी माती आणि ऊन लागतं. गादीवर पडलेलं बी मातीपर्यंत पोचतच नाही. म्हणून जिथे माती आधीच उघडी आहे, म्हणजे पायवाटांच्या कडा, दरड घसरलेले पट्टे, खडकाळ कातळ, तिथे कानुका आधी येतो. आमच्याकडे चढ खडा आणि माती पातळ असल्यामुळे कॉक्सफूट फार माजलं नाही. सपाट, सुपीक कुरणावर हेच काम कितीतरी हळू होतं. 'मेंढ्या काढा, जंगल येईल' असं कोणी सरसकट सांगितलं तर जमीन किती सुपीक आहे ते आधी विचारा.

दुसरा घटक गॉर्स. पिवळ्या फुलांचं हे काटेरी झुडूप शेतकऱ्यांचा वैरी आहे आणि नवीन मालक पहिल्यांदा त्यावरच औषध फवारतो. जंगल हवं असेल तर ते करू नये. गॉर्स कॉक्सफूटला दाबतो, वाऱ्यापासून आडोसा देतो, जनावरांना आत शिरू देत नाही, आणि त्याच्या सावलीत माहोएसारखी देशी रोपं उगवतात. ती गॉर्सपेक्षा उंच होतात तेव्हा सावलीमुळे गॉर्स मरतो. फवारणीत गॉर्ससोबत ही रोपंही जातात, आणि जमिनीत दशकानुदशकं जिवंत राहणारं गॉर्सचं बी पुन्हा तरारून उगवतं, म्हणजे घड्याळ परत शून्यावर. याच पेनिन्सुलावर ह्यू विल्सन यांनी हिनेवाई राखीव क्षेत्रात १९८७ पासून हीच पद्धत चालवली. सुरुवातीला आसपासच्या शेतकऱ्यांचा कडाडून विरोध झाला. आज तिथली पायवाट गॉर्समधून सुरू होऊन देशी जंगलात शिरते. असं काही करायच्या आधी प्रत्येकाने ती एकदा चालून यावी. मात्र शेजाऱ्याच्या हद्दीलगतचा गॉर्स साफ ठेवणं प्रादेशिक परिषदेच्या नियमाने बंधनकारक आहे. तेवढी पट्टी आम्ही दरवर्षी कापतो.

आणि एक, ईटीएसमध्ये गॉर्स झाड म्हणून धरला जात नाही, कारण तो ५ मीटरच्या व्याख्येत बसत नाही. नुसता गॉर्स असलेला हेक्टर अपात्र. गॉर्सच्या पोटात पुरेशी देशी रोपं आहेत हे दाखवता आलं, तरच तो पात्र ठरतो.

कुंपण २०२० च्या वसंतात घातलं, म्हणजे इथल्या सप्टेंबर-ऑक्टोबरात. १.४ किलोमीटर, आठ तारांचं, खांब आणि बॅटन (खांबांच्या मधल्या उभ्या पट्ट्या) असलेलं. मीटरला साधारण २६ डॉलर पडले, म्हणजे ३६ हजारांच्या वर. सगळ्या खर्चात हाच सर्वांत मोठा. चढावर खांब ठोकणारं यंत्र जात नाही, तिथे हाताने खड्डे घ्यावे लागतात आणि दर वाढतो, म्हणून कंत्राटदाराला आधी जागेवर नेऊन मगच भाव घ्यावा. कुंपणाची रेषा मालकीच्या हद्दीवरच हवी असं नाही. शेजारी तयार असेल तर ती धारेवरून न्यावी. तिथे दरड आणि ओढ्याचा पूर तार तोडत नाहीत. जमीन कायमची राखीव करायची तयारी असेल तर १९७७ मध्ये स्थापन झालेल्या क्वीन एलिझाबेथ द सेकंड नॅशनल ट्रस्टशी करार करता येतो. कुंपणाच्या खर्चात ते मदत करू शकतात, आणि असा करार असूनही ईटीएसची नोंदणी होऊ शकते.

कुंपणाने मेंढ्या-गुरं अडतात, रानबकऱ्या अडत नाहीत. एक छोटा कळप हिवाळाभर राहिला तर माहोए आणि फाइव्ह-फिंगर या देशी झाडांची कोवळी रोपं बुडापर्यंत खाऊन टाकतो. कानुका त्यांना फारसा रुचत नाही, त्यामुळे लांबून सगळं हिरवं दिसतं आणि आत पुढची पिढीच नसते. वर्षातून दोनदा जवळून, गुडघ्यावर बसून बघावं. माहोएच्या खोडाची साल सोललेली किंवा शेंडे तिरके कुरतडलेले दिसले तर शिकाऱ्याला बोलवावं. पॉसम या झाडपाला खाणाऱ्या प्राण्यासाठी सापळे वेगळे. आमचा या दोन्हींवरचा खर्च वर्षाला सरासरी दीड हजार डॉलर होतो, आणि तो कधी संपणारा नाही.

झाडं आम्ही फारशी लावली नाहीत. बियांचा स्रोत जवळ होता, वगळलेल्या घळीतली जुनी झाडी. केरेरू, म्हणजे इथलं मोठं रानकबुतर, मोठी फळं गिळून दूरवर बी टाकतं. स्रोत जवळपास नसेल तर तोतारा, माताईसारख्या जाती छोट्या गटांनी लावून ठेवाव्यात, कारण त्या आपणहून यायला फार काळ जातो.

पुरावे गोळा करायला २०२२ मध्ये सुरुवात केली. खरं तर ते पहिल्याच वर्षी सुरू करावं, कारण जंगल किती वर्षांचं आहे हे कागदावर सिद्ध करावं लागतं आणि युनिट्सचा हिशेब त्या वयावरच चालतो. मेंढ्या २०१४ मध्ये बंद झाल्या याचं आधीच्या मालकाचं लेखी निवेदन आम्ही घेतलं, आणि त्याला दुजोरा देणारी उपग्रहचित्रं जोडली.

रोपांची मोजणी सोपी आहे. ५.६४ मीटर लांबीची दोरी घ्या, एक टोक खुंटीला बांधा आणि गोल फिरा. या वर्तुळाचं क्षेत्रफळ बरोबर १०० चौरस मीटर भरतं. आतली ५ मीटरपर्यंत वाढू शकणारी रोपं जातीनुसार मोजायची आणि १०० ने गुणायचं, की हेक्टरी आकडा मिळाला. वर्तुळं चांगल्या जागा निवडून घेऊ नयेत. नकाशावर आधी समान अंतराची जाळी आखावी आणि जो बिंदू येईल तिथेच खुंटी ठोकावी, मग तो गॉर्सच्या मधोमध असला तरी. हातमोजे जाड चामड्याचे घ्या. प्रत्येक खुंटीवरून चार दिशांना फोटो काढावेत, फोटोत मोजपट्टी धरलेली काठी दिसावी आणि स्थाननोंद चालू असावी.

मानुका आणि कानुका यांत गल्लत होऊ देऊ नका. दोन्ही दिसायला सारखे. हाताने ओळखायची खूण अशी : मानुकाचं पान टोचतं, कानुकाचं मऊ लागतं. कानुका बहुतेक ठिकाणी ५ मीटर सहज ओलांडतो. वाऱ्याच्या धारेवरचा मानुका मात्र आयुष्यभर खुजाच राहू शकतो, मग तो व्याख्येत बसत नाही. आमच्या धारेवरचा जवळजवळ एक हेक्टर याच कारणाने गेला. जवळपास तशाच उघड्या जागी वाढलेलं जुनं झाड असेल तर त्याची उंची मोजून फोटो जोडावा. 'इथे ही जात इतकी वाढते' याला त्यापेक्षा चांगला पुरावा नाही.

नकाशा आम्ही क्यूजीआयएस या मोफत सॉफ्टवेअरमध्ये काढला. हवाई चित्रं आणि मालमत्तेच्या हद्दी सरकारी भूमापन खात्याच्या डेटा सेवेवरून मोफत मिळतात. फाइल शेपफाइल स्वरूपात आणि न्यूझीलंडच्या एनझेडटीएम २००० या नकाशा-प्रक्षेपणात द्यायची. क्षेत्र सपाट धरून मोजलं जातं, उताराच्या पृष्ठभागावर नाही. ३० अंशांच्या चढावर पावलांनी मोजलेली जमीन नकाशावर सुमारे १३ टक्क्यांनी कमी भरते, तेव्हा मनातला आकडा आधीच कमी करून ठेवावा. सल्लागाराकडून आम्ही फक्त शेवटची तपासणी करून घेतली, त्याचे १८०० डॉलर झाले. सगळं काम त्यांच्याकडे दिलं असतं तर खर्च तिप्पट झाला असता. संगणकाची सवय असलेल्या माणसाला हे जमण्यासारखं आहे.

मग खाती. प्राथमिक उद्योग मंत्रालयाच्या 'तुपु-आके' या ऑनलाइन व्यवस्थेत अर्ज होतो, त्यासाठी 'रिअलमी' या सरकारी ऑनलाइन ओळख-सेवेचं लॉगिन लागतं. युनिट्स ज्यात जमा होतात ते खातं वेगळं. ते एमिशन्स ट्रेडिंग रजिस्टरमध्ये, म्हणजे पर्यावरण संरक्षण प्राधिकरणाकडे उघडायचं. या सगळ्यांवरची नावं जमिनीच्या रेकॉर्ड ऑफ टायटलशी, म्हणजे इथल्या सातबाऱ्याशी, अक्षर न अक्षर जुळली पाहिजेत. आपल्याकडे इथेच घोटाळा होतो. पासपोर्टवर वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव मधलं नाव म्हणून असतं, टायटलवर वकिलाने ते गाळलेलं असतं, आणि लॉगिनवर लग्नाआधीचं आडनाव. चार कुटुंबं, आठ मालक, म्हणजे आठ वेळा हे तपासणं आलं. जमीन घेतानाच वकिलाला पासपोर्टप्रमाणे पूर्ण नाव घालायला सांगा, किंवा मुळात एक कंपनी काढून तिच्या नावावर घ्या. नंतर दुरुस्त करायला वेळ आणि पैसे दोन्ही जातात. जमिनीवर कर्ज असेल तर अर्जाआधीच बँकेशी बोलून घ्यावं, कारण या नोंदणीने जमिनीचा पुढचा वापर बांधला जातो.

अर्ज करण्यापूर्वी प्रकार निवडावा लागतो, आणि आमच्या सर्वांत लांब चर्चा यावरच झाल्या. 'स्टँडर्ड' प्रकारात सरासरी पद्धत लागू होते : देशी जंगलाला २३ व्या वर्षापर्यंत युनिट्स मिळतात, पुढे थांबतात. १ जानेवारी २०२३ पासून सुरू झालेल्या 'परमनंट' प्रकारात जंगल वाढतं तसतशी युनिट्स मिळत राहतात, पण ५० वर्षं सरसकट तोड करता येत नाही. ज्यांना कधीच तोडायचं नाही त्यांना दुसरा प्रकार सरळ वाटतो. तरी पन्नास वर्षं म्हणजे पुढच्या पिढीच्या वतीने दिलेला शब्द असतो. आम्ही मुलांना बसवून विचारलं आणि मग परमनंट निवडलं.

अर्ज ऑक्टोबर २०२३ मध्ये गेला. फेब्रुवारीत विचारणा आली : धारेवरच्या झाडांच्या उंचीबद्दल आणि एका घळीतल्या काळ्या डागाबद्दल. जाळीवरच्या खुंट्यांचे फोटो आणि दोन वेगवेगळ्या ऋतूंतली हवाई छायाचित्रं तयार असल्यामुळे उत्तर आठवड्यात देता आलं. मे २०२४ मध्ये मंजुरी मिळाली, १८ हेक्टरला. नोंदणीची सूचना टायटलवर चढते, म्हणजे पुढे जमीन घेणाऱ्याला ती दिसते, आणि युनिट्सची जबाबदारीही जमिनीबरोबर त्याच्याकडे जाते. शुल्कांचे आकडे इथे देत नाही, कारण ते बदलतात. २०२३ मध्ये हेक्टरमागे वार्षिक आकार सुरू झाला आणि पुढच्याच वर्षी तो कमी केला गेला. अर्जाच्या दिवशी मंत्रालयाच्या पानावर असेल तोच आकडा धरावा.

आता युनिट्स. एक युनिट म्हणजे एक टन कार्बन डायऑक्साइड. १०० हेक्टरपेक्षा कमी क्षेत्राला सरकारी तक्ता लागतो आणि देशी जंगलासाठी सगळ्या देशाला एकच तक्ता आहे. त्याहून मोठं क्षेत्र असेल तर प्रत्यक्ष मोजमाप करावं लागतं. तक्त्यात पहिल्या पाच वर्षांत मिळून हेक्टरी ८ टनसुद्धा भरत नाहीत. दहाव्या वर्षी एकूण सुमारे ४०, पन्नासाव्या वर्षी सुमारे ३२३. म्हणजे आज चराई बंद करणाऱ्याने पहिली काही वर्षं उत्पन्न शून्य धरूनच गणित मांडावं. दुसरं, दावा चालू परतावा-कालखंडाच्या सुरुवातीपासूनच करता येतो. परतावा म्हणजे इथे 'एमिशन्स रिटर्न', जंगलाच्या वाढीचा मंत्रालयाला भरून द्यायचा हिशेब. आमच्या वेळी तो कालखंड २०२३ ते २०२५ होता. आमचं जंगल २०१५ पासूनचं धरलं गेलं, पण आधीच्या आठ वर्षांतल्या वाढीवर काही मिळालं नाही.

तात्पुरता परतावा जानेवारी ते जून या काळात दरवर्षी भरता येतो, तो ऐच्छिक आहे. २०२५ मध्ये २०२३ आणि २०२४ या दोन वर्षांचा भरला. आठव्या वर्षाअखेरपासून दहाव्या वर्षाअखेरपर्यंत हेक्टरी सुमारे १६ टन, गुणिले १८, म्हणजे सुमारे २९० युनिट्स. ५० डॉलर भावाने १४,५०० डॉलर. कुंपणाचा खर्चसुद्धा अजून निघालेला नाही. भावाचा भरवसा नाही : २०२२ च्या अखेरीस युनिट ८० डॉलरच्या वर होतं, २०२३ च्या जुलैत ४० च्या खाली. आम्ही एक तृतीयांश ब्रोकरमार्फत विकली, ती बकऱ्या, सापळे आणि कुंपणाच्या दुरुस्तीसाठी. बाकी खात्यात ठेवली, कारण कधी क्षेत्र बाहेर काढायची वेळ आली तर युनिट्सच परत करावी लागतात, पैसे नव्हे. आयकर युनिट्स विकली तेव्हा लागतो, मिळाली तेव्हा नाही, असं आमच्या अकाउंटंटने सांगितलं. तुमच्या मालकीची रचना वेगळी असेल तर स्वतंत्र सल्ला घ्या.

आग किंवा वादळाने नुकसान झालं तर मंत्रालयाला कळवून हिशेब तात्पुरता थांबवता येतो, म्हणजे जंगल परत उभं करायला वेळ मिळतो. कानुका आणि गॉर्स दोन्ही तेलकट, चटकन पेटतात. उन्हाळ्यात वायव्येचा कोरडा वारा सुटला की खालच्या कुरणातलं गवत आम्ही मुद्दाम मेंढ्यांकडून आखूड करून घेतो. तेवढ्यासाठी तरी सपाट भागावरची चराई चालू ठेवली आहे.

२०२३ ते २०२५ चा सक्तीचा परतावा ३० जून २०२६ पर्यंत भरायचा असतो, आणि त्यात तात्पुरत्या परताव्यातली युनिट्स वजा होतात. त्यानंतरचा कालखंड २०२६ ते २०३०. या कालखंडात ज्यांची नोंदणी होईल त्यांना १ जानेवारी २०२६ पासूनची वाढ धरता येईल, तेव्हा जुनी छायाचित्रं शोधायला आणि खुंट्या ठोकायला आत्ताच लागा. सुरुवात करायला हिवाळा बरा : गॉर्सखाली सापडणारी रोपं तेव्हा सहज दिसतात, आणि कुंपणवाल्यांकडे वसंतातल्या तारखाही अजून शिल्लक असतात.